काडतुसाचें माप

खडकी म्हटली कीं मराठी माणसास ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई आठवते, आणि तें साहजिकच आहे. बापू गोखल्यांचे घोडेस्वार ज्या माळावर इंग्रजांच्या पलटणींवर चालून गेले, त्याच्या आसपासच पुढें इंग्रजांनीं आपली मोठी छावणी वसविली, आणि त्या छावणींत १८६९ सालीं काडतुसें तयार करण्याचा कारखाना घातला. लढाईचा इतिहास शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतो. कारखान्याचा इतिहास मात्र तेथें पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या कुटुंबांखेरीज फारसा कोणाच्या तोंडीं नाहीं. वास्तविक हा दुसरा इतिहास पहिल्याहून लांबलचक आहे, आणि तो अद्याप संपलेलाही नाहीं. दीडशें वर्षांत आमच्या सैन्याच्या हातीं जीं निरनिराळ्या मापांचीं काडतुसें आलीं, तीं नुसतीं एका ओळींत मांडलीं तरी त्या सैन्याची बरीचशी कथा वाचतां येते. तीं मापें कोणीं ठरविलीं, कशासाठीं ठरविलीं, आणि ठरविणाराच्या मनांत शिपायाचा विचार कितपत होता, हें आम्हांस येथें पहावयाचें आहे.

प्रथम काडतूस म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्याचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं बसविलेली केप, आंत दारू, आणि तोंडाशीं घट्ट बसविलेली गोळी. घोडा दाबला कीं बंदुकींतील टोंचणी केपेवर आदळते, केप दारूस पेटविते, आणि दारूपासून झालेला वायु गोळीस नळींतून बाहेर ढकलतो. पुंगळीचें काम याहून नाजूक आहे. बार होतांच ती फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायूस मागें येऊं देत नाहीं. आणि क्षणार्धांत पुनः आकसते, म्हणूनच ती बाहेर ओढून काढतां येते. पितळेंत हा गुण यावा म्हणून सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त असें मिश्रण घेतात, त्याची लहानशी वाटी करून ती एकामागून एक साच्यांतून ओढून लांब करतात, आणि ओढल्यानें कडक झालेलें पितळ तापवून पुनः मऊ करून घेतात. सारें काम इंचाच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशेबानें चालतें. पुंगळी जरा जाड झाली तर नळींत अडकते, जरा बारीक झाली तर फाटते. आणि ती जेव्हां अडकते किंवा फाटते तेव्हां शत्रु समोर असतो.

एवढें विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, लोक बंदुकीचें नांव लक्षांत ठेवतात आणि काडतूस विसरतात. वस्तुतः बंदूक ही काडतुसाची दासी आहे. नळी किती रुंद, तिचे आटे किती वळणाचे, बंदुकीचें वजन किती, तिचा धक्का खांद्यास किती, शिपायाच्या अंगावर किती बार राहतील, हें सर्व काडतूस ठरवितें. बंदूक बदलली तर एक हत्यार बदलतें. काडतूस बदललें कीं कारखान्यांतील साचे, कोठारें, आणि कोठारांत रचून ठेवलेले कोट्यवधि बार यांची सर्वांचीच वाट लागते. पायली-शेर जाऊन किलो आला, किंवा १९५७ सालीं आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हां बाजारांत किती गोंधळ उडाला याच्या गोष्टी घरांतील वडील माणसांकडून पुष्कळांनीं ऐकल्या असतील. काडतुसाचा बदल त्याच जातीचा. नाण्याप्रमाणें त्याचीही किंमत, तें सर्वत्र चालतें, यांतच असते. नवें नाणें कितीही चोख असो, जुन्या नाण्यांनीं पेट्या भरलेल्या असतील तर सावकार तें सहजासहजीं चालूं देत नाहीं. आणि पुढें दिसून येईल कीं काडतुसाच्या इतिहासांत हा सावकार पुनः पुनः आडवा आला आहे.

आमच्या देशांत नव्या काडतुसाचा पहिला मोठा प्रयोग किती महाग पडला हें निराळें सांगावयास नको. १८५३ ची एन्फील्ड रायफल ही ठासणीचीच बंदूक. पण तिच्या नळीस आटे होते. दारू आणि सुमारें तीन तोळे वजनाची गोळी कागदाच्या एका पुडींत बांधलेली असे, व गोळी नळींतून सहज सरकावी म्हणून त्या कागदास चरबी लावीत. शिपायानें पुडी दांतांनीं फाडावी, दारू नळींत ओतावी, आणि गोळी गजानें ठासावी, अशी कवायत होती. ही चरबी कशाची, हा प्रश्न १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ डमडम येथें उठला, आणि पुढचें सर्वांस ठाऊक आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे त्याच सुमारास उत्तरेंत गेले होते. १९०७ सालीं छापलेल्या त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकांत काडतुसांची हकीकत आली आहे. म्हणजे दक्षिणेच्या आशेनें निघालेल्या एका कोंकणी भिक्षुकाच्या कानींही ती वाटेंतच पडली होती. बंडाचीं कारणें अनेक होतीं व काडतूस हें केवळ निमित्त, हा इतिहासकारांचा निर्णय आम्हांस मान्य आहे. पण निमित्त काडतुसाचेंच कां व्हावें? आमच्या मतें याचें कारण असें कीं, सरकारच्या सगळ्या सामानांत शिपायाच्या दांतांशीं आणि जिवाशीं इतकी लागलेली दुसरी वस्तु नव्हती. आणि तिच्या घडणींत त्यास एका शब्दानें विचारावें असें कोणास वाटलें नव्हतें. काडतूस विलायतेंत पसंत झालें होतें, तेवढें पुरे होतें.

बंडापासून सरकारनें धडा घेतला, पण तो निराळाच. यापुढें देशी पलटणींच्या हातीं गोऱ्या पलटणींहून एक पायरी जुनें हत्यार असावें, असें धोरण पडलें. १८६६ सालीं इंग्लंडांत स्नायडर बंदूक आली. तींत गोळी तोंडाकडून ठासावी लागत नसे. वूलिच येथील कर्नल बॉक्सर यांनीं केलेलें धातूचें काडतूस मागून घालावयाचें आणि बार काढावयाचा. काडतूस कागदाचें होतें तोंवर तें कोणत्याही शस्त्रागारांत हातानें बांधतां येई. धातूचें झालें तेव्हां त्यास यंत्रें आणि कारखाना हवा झाला. खडकीचा कारखाना त्याच काळांतला. १८७१ सालीं इंग्लंडनें स्नायडर टाकून मार्टिनी-हेन्री घेतली, आणि तिचें काडतूस अगदींच निराळें निघालें. नवी बंदूक गोऱ्यांस मिळाली. देशी पलटणींकडे स्नायडर राहिली.

या धोरणाचें चित्र २७ जुलै १८८० रोजीं अफगाणिस्तानांत मैवंदाच्या मैदानावर स्पष्ट उमटलें. तेथें इंग्रजांची ६६ वी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती, आणि तिच्याच रांगेंत मुंबई इलाख्याचे ग्रेनेडियर व जेकब रायफल्सचे शिपाई स्नायडर घेऊन उभे होते. एकाचा बार दुसऱ्याच्या बंदुकींत चालत नव्हता. त्या दिवशीं इंग्रजांचा पराभव झाला. तो काडतुसामुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. अयूबखानाच्या तोफा आणि त्याचें संख्याबळ हीं कारणें भरपूर होतीं. पण एका रांगेंत दोन मापांचीं काडतुसें हा प्रकार लढाईच्या सोयीसाठीं नव्हे, तर स्वतःच्याच शिपायाच्या भीतीनें चालविलेला होता, हें मात्र विसरतां येत नाहीं.

यानंतर काडतुसांत खरी क्रांति झाली ती फ्रान्समध्यें. १८८४ सालीं पोल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञानें धूर न करणारी दारू शोधून काढली, आणि दोनच वर्षांत फ्रेंचांनीं तीवर चालणारी लेबेल रायफल सैन्यास दिली. नवी दारू जुन्या काळ्या दारूपेक्षां कितीतरी जोरकस; म्हणून गोळी बारीक आणि हलकी करूनही पूर्वींहून लांब जाऊं लागली. इंग्लंडनें १८८८ सालीं ०.३०३ इंच मापाचें काडतूस घेतलें, तेंच आमच्या लोकांच्या तोंडीं 'थ्री-नॉट-थ्री' होऊन बसलेलें. त्याची सुरुवातीची गोळी सव्वा तोळ्याच्या आंतबाहेर होती. तीन तोळ्यांची गोळी ऐन चाळिशींत निम्म्याहून कमी झाली.

परंतु बारीक गोळीविरुद्ध लागलीच तक्रार निघाली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत अधिकाऱ्यांचें म्हणणें पडलें कीं, ही गोळी अंगांतून आरपार जाते आणि माणूस तसाच पुढें येतो. यावर डमडमच्या कारखान्याचे अधिकारी कॅप्टन बर्टी-क्ले यांनीं उपाय काढला. गोळीच्या शिशावर धातूचें जें कवच असतें तें त्यांनीं टोंकाशीं उघडें ठेवलें. त्यामुळें गोळी अंगांत शिरतांच फुलावी आणि भयंकर जखम करावी. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत या गोळ्या वापरल्या गेल्या, आणि बंगालमधील एका लहानशा गांवाचें नांव जगांतल्या सर्व भाषांत अशा गोळीचें नांव म्हणून रूढ झालें. १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत फुलणाऱ्या गोळ्यांस बंदी घालण्याचा ठराव आला, तेव्हां इंग्लंडचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं त्यास विरोध केला. त्यांचा मुद्दा असा कीं, सुधारलेला शत्रु जखमी झाला कीं थांबतो, रानटी शत्रु थांबत नाहीं. सुधारणेची ही व्याख्या वाचकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडनें हा ठराव शेवटीं १९०७ सालीं मान्य केला. पुढें १९१० सालीं थ्री-नॉट-थ्रीची नवी टोंकदार गोळी निघाली. ती जवळजवळ बरोबर एक तोळ्याची. तिच्या टोंकाशीं हलका पदार्थ भरून वजन मागें ठेवलेलें, त्यामुळें ती अंगांत शिरल्यावर उलटे. कायद्याचें अक्षर राहिलें आणि कामही झालें.

हीच गोळी पुढें अर्धशतक टिकली. ती सर्वोत्तम होती म्हणून टिकली असें कोणी समजूं नये. बोअर युद्धांत शत्रूच्या सात मिलिमीटरच्या मौसर रायफलीचा लांबवरचा मार इंग्रजांनीं स्वतःच्या अंगावर घेतला होता, आणि तेव्हांपासून त्यांचा नव्या काडतुसाचा शोध सुरू झाला. १९१३ पर्यंत ०.२७६ इंचाचें एक फार वेगवान काडतूस तयार होऊन सैन्यांत त्याची परीक्षाही चालली. त्यानें नळी तापे, लवकर झिजे, तोंडाशीं भडका मोठा होई. हे दोष निघाले असते कीं नाहीं हा प्रश्नच उरला नाहीं, कारण १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. जग लढत असतांना नाणें बदलतां येत नाहीं. नवी रायफल पुनः थ्री-नॉट-थ्रीच्या मापाची करून घ्यावी लागली, आणि नवें काडतूस कागदपत्रांत गेलें. अमेरिकेंतही असेंच झालें. तेथें पेडरसन यांनीं केलेलें ०.२७६ चें काडतूस परीक्षांत चांगलें उतरलें होतें. १९३२ सालीं सेनापति मॅकार्थर यांनीं तें नाकारलें, आणि जुन्या काडतुसाचे कोठारांत असलेले प्रचंड सांठे हें त्याचें एक मोठें कारण होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनीं पुनः सात मिलिमीटरचें एक मध्यम ताकदीचें काडतूस केलें, १९५१ सालीं तें स्वीकारल्याचें जाहीरही केलें. परंतु अमेरिकेस पूर्ण ताकदीचेंच काडतूस हवें होतें, चर्चिल पुनः प्रधान झाले, आणि १९५४ पर्यंत पश्चिमेकडील मित्रराष्ट्रांनीं ७.६२ मिलिमीटर व्यासाचें, ५१ मिलिमीटर लांब पुंगळीचें काडतूस कायम केलें. शिपायी लढाई बहुधा तीनशें-चारशें मीटरांच्या आंतच होते, हें दोन्ही महायुद्धांनीं शिकविलें होतें. जर्मनांनीं आणि रशियनांनीं तें ओळखून आंखूड काडतुसें केलींही होतीं. पण मित्रांत ज्याचें कोठार मोठें त्याचें माप खरें ठरलें.

खडकीस या वादांत अर्थातच स्थान नव्हतें. तेथें सांगतील तें माप ओढावयाचें, पुंगळीच्या बुडाशीं 'के. एफ्.' हीं अक्षरें उठवावयाचीं, आणि पेट्या भरून पाठवावयाच्या. दोन्ही महायुद्धांत थ्री-नॉट-थ्री काडतुसांचे ढीग येथून गेले. १९४७ सालीं राज्य आपलें झालें तेव्हां हीं यंत्रें, हे साचे आणि हें माप आपल्याकडे वारसा म्हणून आलें. माप बदलण्याचा अधिकारही त्याच दिवशीं आला होता, पण वारशानें आलेल्या घराच्या भिंती कोणी पहिल्याच वर्षीं पाडीत नाहीं. १९५८ सालीं पुण्यांत शस्त्रास्त्रांच्या संशोधनाची सरकारी संस्था निघाली, तीच पुढें पाषाण येथें नांदूं लागली. तिला चार वर्षें होतात न होतात तों १९६२ चें चिनी युद्ध आलें. आमचे जवान त्या बर्फांत थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते; प्रत्येक बारास हातानें खिटी ओढावी लागे, आणि समोरच्या हातांत आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. पराभवाचीं कारणें याहून खोल आहेत, तरी ही विषमता जनतेच्या मनांत रुतून बसली ती योग्यच होती.

त्यानंतर मात्र बदल झपाट्यानें झाला. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यानें ७.६२ ची आपोआप भरणारी रायफल काढली. हें नवें माप पुरविण्यास एकटी खडकी पुरी पडणारी नव्हती. १९६४ सालीं भुसावळजवळ वरणगांव येथें नवा कारखाना उभा राहिला. तापीच्या कांठच्या कापूस-केळीच्या मुलखांत काडतुसांचा कारखाना हें विचित्र वाटेल, पण आगगाडीचें मोठें जंक्शन आणि सरहद्दीपासून दूर जागा हे दोन्ही गुण तेथें होते. १९७१ चें युद्ध आमच्या पायदळानें मुख्यतः याच काडतुसावर लढलें. आम्हांस वाटतें कीं काडतूस बदलण्याचें काम आमच्या देशांत यथाक्रम असें एकदांच झालें, आणि तें या वेळीं: गरज पटली, माप ठरलें, बंदूक व कारखाना बरोबरीनें उभे राहिले. माप परकें होतें, हें खरें. परंतु तें पारखून घेतलेलें होतें.

पुढची गोष्ट इतकी सुरळीत नाहीं. अमेरिकेनें व्हिएतनामच्या युद्धांत ५.५६ मिलिमीटरचें काडतूस आणलें, आणि १९८० सालीं बेल्जियमच्या एका सुधारलेल्या गोळीसह तें मित्रराष्ट्रांचेंही माप झालें. ती गोळी चार माशांची, म्हणजे तोळ्याचा एक तृतीयांश. शंभर बारांचें ओझें ७.६२ मध्यें सुमारें चोवीसशें ग्रॅम होतें तें येथें बाराशें होतें. धक्का कमी, म्हणून नवशिक्याचाही नेम बरा. आमच्या सैन्यानेंही ऐशींच्या दशकांत हेंच माप पत्करलें आणि पाषाणच्या संस्थेकडे त्याच्या बंदुकीचें काम दिलें. तीच 'इन्सास'. ती १९९० सालीं स्वीकारली गेली, १९९७ सालीं मोठ्या प्रमाणावर तयार करण्याजोगी झाली, १९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनांत लोकांनीं ती पाहिली. मधल्या काळांत खिटीच्या जुन्या बंदुका काढून टाकण्याची इतकी घाई झाली कीं १९९० ते ९२ च्या दरम्यान सुमारें एक लाख कलाश्निकॉव जातीच्या रायफली बाहेरून आणाव्या लागल्या. त्यांचें काडतूस रशियन मापाचें, ७.६२ चेंच पण ३९ मिलिमीटर लांब पुंगळीचें. आणि इन्सास तयार झाल्यावर असें आढळलें कीं, तिला पुरेल इतकें ५.५६ चें काडतूस देशांत नाहीं. तें मोठ्या प्रमाणांत इस्रायलकडून विकत घ्यावें लागलें.

पेरणी झाल्यावर विहिरींत पाणी किती तें पाहण्यासारखा हा प्रकार झाला. हल्लींच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, नगर तालुक्यांत, हिवरे बाजार नांवाचें गांव आहे. एके काळीं दुष्काळानें ओस पडूं लागलेलें हें गांव पाण्याच्या जमाखर्चासाठीं आज देशभर ओळखलें जातें. तेथें पाऊस किती पडला व विहिरींची पातळी किती हें आधीं मोजतात, माणसांच्या व गुरांच्या पिण्याचें पाणी बाजूस काढतात, आणि उरेल त्याच्या मानानें रब्बीस काय पेरावयाचें तें ग्रामसभेंत ठरतें. ऊस आणि केळी यांस तेथें मज्जाव आहे. याच नगर तालुक्यांत खारे कर्जुने येथें रणगाड्यांच्या गोळीबाराचें विस्तीर्ण मैदान आहे, आणि नगरच्या छावणींत चिलखती दळाची शाळा आहे. म्हणजे सैन्याचा शेजार या गांवांस नवा नाहीं. ज्या मुलखांत शेतकरी पाण्याचा थेंब मोजल्याशिवाय बीं पेरीत नाहीं, त्याच मुलखाच्या शेजारीं पुण्यांत बंदूक आधीं आणि काडतूस मागून असा क्रम लागावा, ही गोष्ट नवलाची आहे. यांत पाषाणच्या शास्त्रज्ञांचा दोष थोडा. बंदूक करणारी संस्था एक, काडतूस करणारे कारखाने दुसरे, विकत घेणारें सैन्य तिसरें, आणि पैसे देणारें खातें चौथें. या चौघांस एकत्र बसवून जमाखर्च मांडणारी ग्रामसभा नव्हती.

१९९९ च्या कारगिल युद्धांत इन्सासची पहिली खरी परीक्षा झाली. थंडींत तिचीं प्लॅस्टिकचीं मॅगझिनें तडकल्याच्या तक्रारी आल्या, बार अडकल्याच्याही आल्या. या बंदुकीच्या तक्रारी होत्या आणि त्या हळूहळू दुरुस्तही झाल्या. पण त्यांच्या जोडीला दुसरी एक तक्रार वाढत गेली, ती काडतुसाविषयीं: या गोळीनें माणूस पडत नाहीं. चित्रळच्या अधिकाऱ्यांचेंच हें वाक्य, शंभर वर्षांनीं काश्मीरच्या डोंगरांत पुनः ऐकूं आलें. त्यावर ठरलेलें उत्तर असें दिलें जाई कीं, शत्रु मरण्यापेक्षां जखमी झालेला बरा, कारण त्यास उचलावयास आणखी दोघे गुंततात. हें उत्तर आम्हांस कधींच पटलेलें नाहीं. ५.५६ स्वीकारलें गेलें तें ओझें आणि धक्का कमी व्हावा म्हणून. जखमीचें हें तत्त्वज्ञान त्यास मागाहून चिकटविलेलें दिसतें. शिवाय जो शत्रु जखमी सोबत्यास उचलीत नाहीं, आणि स्वतः मरण्याच्या तयारीनें आलेला असतो, त्याच्यापुढें हें तत्त्वज्ञान लंगडें पडतें. जवानांनीं आपला निर्णय वादांत न पडतां दिला होता. अतिरेक्यांशीं सामना असेल तेथें ते इन्सास ठेवून कलाश्निकॉव मागत.

जुन्या काडतुसाचीही गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण तें सैन्यांतून गेलें तरी देशांतून गेलें नव्हतें. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी कलाश्निकॉव घेऊन शिरले. समोर जे रेल्वेचे पोलीस होते त्यांच्यांत कांहींजवळ लाठ्या होत्या, कांहींजवळ थ्री-नॉट-थ्री होत्या. १८८८ सालीं ठरलेलें काडतूस, खिटी ओढून एकेक बार. आणि पलीकडे एका दमांत तीस बार. त्या बंदुकीनेंही कांहींनीं सामना केला. काडतुसाचें माप ठरविण्यास उशीर होतो म्हणजे काय होतें, हें ज्यांस कोष्टकांतून कळत नसेल त्यांनीं त्या स्थानकाचा प्रसंग आठवावा.

सैन्याचा निर्णय मात्र पुढेंही डोलतच राहिला. २०११ सालीं अशी रायफल मागविण्यांत आली कीं जिची नळी बदलली असतां ५.५६ आणि रशियन ७.६२ हीं दोन्ही काडतुसें चालावींत. २०१५ सालीं ती मागणी रद्द झाली. पाषाणच्या संस्थेनें २०१४ सालीं तीन निरनिराळ्या मापांच्या नळ्या बसणारी रायफल प्रदर्शनांत मांडली होती, आणि त्या तिसऱ्या मापांत ६.८ मिलिमीटरचें, म्हणजे दोहोंच्या मधलें, काडतूस होतें. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यास तिसरा दगड दाखविण्यासारखें हें होतें, तरी त्यांत एक समंजसपणाही होता: मापाचा निर्णय तुम्ही घ्या, बंदूक आम्ही तयार ठेवतों. २०१६ च्या सुमारास सैन्यानें पूर्ण ताकदीच्या ७.६२ × ५१ कडे परत वळण्याचें ठरविलें. २०१९ सालीं त्या मापाच्या ७२,४०० अमेरिकन रायफली घेतल्या गेल्या, आणि २०२४ सालीं जवळजवळ तितक्याच पुनः. याच काळांत अमेठीजवळ कोरवा येथें रशियाच्या भागीदारींत कलाश्निकॉवचा कारखाना निघाला, व २०२१ च्या डिसेंबरांत सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला; त्यांचें काडतूस ७.६२ × ३९. इन्सासही पुष्कळ हातांत राहिली, आणि २०२५ सालीं आंखूड कार्बाईनीचें जें मोठें काम पुण्याच्या भारत फोर्जकडे आलें तेंही ५.५६ चेंच.

या सगळ्या घालमेलींत एक काडतूस खरोखर आपलें स्वतःचें निघालें, त्याचा उल्लेख न केला तर पाषाणकरांवर अन्याय होईल. इन्सासची ५.५६ चीच पुंगळी आंखूड करून तीस मिलिमीटरची केलेली, आणि तिच्यासाठीं लहान कार्बाईन. कोणत्याही परक्या सैन्याकडे हें माप नाहीं. केंद्रीय राखीव पोलिसांनीं आणि छत्तीसगडच्या पोलिसांनीं ती कार्बाईन घेतली. सैन्याच्या परीक्षांतूनही ती २०२० सालीं पार पडली. परंतु वर सांगितलेला नाण्याचा नियम येथेंही लागूं आहे. काडतूस आपलें असणें ही अभिमानाची गोष्ट, पण जगांत दुसरें कोणी तें करीत नाहीं, म्हणून अडचणीच्या वेळीं तें शेजाऱ्याकडून उसनें मिळत नाहीं. टांकसाळ आपली असेल तर नाणें आपलें असण्यांत धोका नाहीं. टांकसाळ मंद चालत असेल तर मात्र आहे. सबब आम्हांस स्वतःच्या मापाचा हट्ट धरणाऱ्यांपेक्षां, कोणतेंही एक माप धरून तें देशांत वर्षोगणती पुरेल इतकें करून ठेवा असें म्हणणाऱ्यांचा पक्ष अधिक बरोबर वाटतो. परदेशांतही या बाबतींत एकवाक्यता उरलेली नाहीं. ज्या अमेरिकेनें सर्वांस ५.५६ घ्यावयास लावलें, तिनेंच २०२२ सालीं छातीवरच्या नव्या चिलखतांचें कारण दाखवून ६.८ मिलिमीटरच्या, ५१ मिलिमीटर पुंगळीच्या जबर काडतुसाची रायफल निवडली. ०.२७६ इंच म्हणजे सातच मिलिमीटर. १९१३ सालीं जें माप कोठारांत गेलें, त्याच्या जवळपास शंभर वर्षांनीं गाडी येऊन थांबली आहे.

खडकीचा आणि वरणगांवचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपनीच्या स्वाधीन झाला. तिचें मुख्य ठाणें पुण्यांतच आहे. पाषाणच्या संस्थेनें २०२४ च्या जानेवारींत 'उग्रम' नांवाची ७.६२ × ५१ ची नवी रायफल पुढें आणली. मैवंदच्या रांगेंत दोन काडतुसें होतीं. आज एकाच पायदळास तीन पुरवावीं लागतात, आणि त्यांपैकीं दोहोंच्या पेट्यांवर ७.६२ हाच आंकडा असतो. एक अमेरिकन रायफलींत बसतें, दुसरें कलाश्निकॉवमध्यें. एकाचें दुसरींत चालत नाहीं. रात्रीं चौकीवर पेटी फोडणाऱ्या जवानास पुढचा आंकडा वाचावा लागतो: एकावन्न, कीं एकोणचाळीस.